अभ्यासाचं पोटकंत्राट

पंचवीस वर्षं इमारती बांधणाऱ्या माणसाला इमारत बांधता येते का, हे परीक्षा घेऊन तपासायचं सरकारने ठरवलं, तेव्हा कंत्राटदाराने आधी सरकारला आणि मग साडूला शिव्या घातल्या. साडू पहिल्याच फटक्यात पास होऊन परवाना भिंतीवर टांगून बसला होता. महिनाअखेर कंत्राटदाराकडे परवाना नसला, तर दवाखान्याच्या इमारतीचं नवं काम साडूच्या घशात जाणार होतं.

अभ्यास ऑनलाइन. चाळीस तासांचे व्हिडिओ, आणि दर दहा मिनिटांनी पडद्यावर पृच्छा : ‘आपण समोर आहात ना?’ कंत्राटदार पहिल्या पृच्छेपर्यंतही टिकला नाही. घोरणं ऐकून बायकोनेच येऊन बटण दाबलं.

“अहो, झोपायचंच तर पलंगावर झोपा. मान अवघडेल.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटून पाया समजून घेत होतो.”

“बरं. छपरापर्यंत पोचलात की उठा, चहा ठेवते.”

आता, ज्याने आयुष्यात स्वतः एक वीट लावली नाही, त्याने अभ्यास तरी स्वतः का करावा? काम वाटून देणं हाच तर त्याचा धंदा. त्याने स्लॅबचे धडे गवंड्याला दिले, पाइपचे प्लंबरला, विजेचे वायरमनला. कायद्याचे बायकोला, कारण घरातला कायदा तसाही तिच्याच हाती होता. सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे आणि संध्याकाळी शेठला पाच मिनिटांत सार सांगायचं.

चौथ्या दिवशी तो साइटवर आला, तर पहिल्या मजल्याच्या स्लॅबखालचे टेकू जिथल्या तिथे.

“काढ की रे!”

“चौदा दिवस व्हायचेत, शेठ,” गवंडी म्हणाला.

“वीस वर्षं सहाव्या दिवशी काढतोयस!”

“तेव्हा अडाणी होतो.”

पलीकडे प्लंबर नवीकोरी पाइपलाइन उखडत होता. “उतार उलटा टाकलाय, शेठ. कुणा गाढवाने टाकला देव जाणे.”

“तूच टाकलास!”

“म्हणून तर जास्त लागतंय मनाला.”

वायरमन तर शेठच्या डोक्यावर हेल्मेट चढेपर्यंत पक्कड हातात घ्यायला तयार नव्हता. घरी जावं, तर बायको दारातच : “अहो, तुमच्या मजुरांना प्यायचं पाणी असतं ना? नसलं तर दंड आहे. धडा नववा.”

पंधरा दिवस कंत्राटदार एकेकाशी भांडला. चौदाच दिवस कशाला? उतार इतकाच कशाला? प्रत्येकाने त्याला कारणासकट झापलं. परीक्षेच्या खोलीत मात्र चमत्कार झाला. प्रश्न वाचावा, की ज्याने झापलं त्याचा आवाज कानात घुमे. गडी पास झाला, तोही साडूपेक्षा चार गुण जास्त मिळवून. दवाखाना वाचला.

दुसऱ्या दिवशी तो साइटवर आला तो छाती फुगवून. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून पाच दिवस झाले होते.

“परीक्षा संपली रे! आता शहाणपण आवरा आणि उद्या टेकू काढा.”

गवंड्याने तीन कागद पुढे केले. “सही पाहिजे, शेठ. आम्ही तिघांनीही परीक्षेचा फॉर्म भरलाय. अनुभवाचा दाखला लागतो.”

कंत्राटदाराने वाचलं : ‘अर्जदाराने माझ्या हाताखाली वीस वर्षं सर्व नियम पाळून काम केलं आहे.’

“अरे, हे धडधडीत खोटं आहे!”

“मग खरं लिहा,” गवंडी शांतपणे म्हणाला. “काय काय केलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून.”

कंत्राटदाराने तिन्ही सह्या उभ्या उभ्या ठोकल्या.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. तिघंही मोबाइलभोवती बसले. वर स्लॅब उन्हात तापत होता.

“अरे, स्लॅबला पाणी कोण मारणार?”

“धडा चालू आहे, शेठ,” गवंडी मान वर न करता म्हणाला. “नळी जिन्यात ठेवलीय. कोपरे सोडू नका, मी तपासायला येतो.”