फक्त वसुमतीच्या मशीनवर

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वसुमतीने लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला आणि म्हणाली, "आण्णा, इथे आठ निरोप लिहा. काहीही लिहा."

"काहीही म्हणजे? कुणाला लिहायचे?"

"कुणालाच नाही. टेस्टिंगला हवेत."

रघुनंदनराव टपाल खात्यात चौतीस वर्षं होते. कुणालाच नसलेलं पत्र त्यांना पटण्यासारखं नव्हतं. "तसं मला जमायचं नाही बघ. तुला म्हणून लिहितो."

वसुमतीची कंपनी दवाखान्यांसाठी एक ॲप बनवत होती. पेशंटना जाणारे निरोप एका वेगळ्या पॅकेजमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र गठ्ठ्यात, असत आणि ते पॅकेज वसुमतीकडे होतं. बाकीचे लोक ते ऑफिसच्या सामायिक कोठारातून उतरवून घेत. वसुमतीने मात्र काम चालू असेपर्यंत ॲपला आपल्याच मशीनवरचं फोल्डर लिंक करून ठेवलं होतं, म्हणजे इथे अक्षर बदललं की तिथे लगेच दिसावं.

"म्हणजे डबा ऑफिसचा आणि आतला स्वयंपाक घरचा," आण्णा म्हणाले. "त्यांना कळत नाही?"

"त्यांच्याकडे ही लिंक नसते. फक्त माझ्या मशीनवर."

"काम झालं की सोडायला लागत असेल ना? विसरशील."

"नाही विसरणार."

"छत्री विसरतेस."

संध्याकाळपर्यंत दोन बोटांनी टाइप करून त्यांनी आठ निरोप पूर्ण केले. वसुमतीने ते न वाचताच सेव्ह केले.

सोमवारी पावणेदहाला ती हेब्बाळच्या ऑफिसात शिरत असताना आण्णांचा रोजचा मेसेज आला: पोचलीस का? गेली सहा वर्षं तो रोज येत होता. ती तो उघडायची, त्यांच्या फोनवर निळ्या खुणा उमटायच्या आणि तेच उत्तर झालं असं ती समजायची. अकरा वाजता घराच्या खालच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी आक्कांचा फोन आला. आण्णा भाजी घेऊन जिना चढत होते. वरपर्यंत पोचले नव्हते.

पंधरा दिवसांनी वसुमती कामावर आली. शेजारच्या खुर्चीतला टीम लीड अभिमन्यू मूळचा पुण्याचा. त्याने सांत्वनाचं एक वाक्य तयार करून आणलं होतं. ते अर्ध्यात अडकलं, तेव्हा त्याने तिला कॉफी आणून दिली.

तिने ॲप सुरू केलं. स्क्रीनवर आलं: 'उद्या जायचंय ना? स्वल्प लवकर नीघ. हेब्बाळच्या पुलावर कुणी तुझ्यासाठी रस्ता मोकळा ठेवलेला नाही.' पुढचा: 'छत्री घे. ढग नसले तरी घे.' मग: 'गोळी घेतलीस का? घेतली म्हणून सांगू नकोस, घे.' आठवा उघडायच्या आधी तिने कॉफी संपवली. 'पोचलीस का?'

लिंक तोडायला एक ओळ टाइप करावी लागते. ती तिने आठवडाभर टाइप केली नाही.

"वसुमती, तुझा नवीन कोड तुझ्याच मशीनवर चालतोय," अभिमन्यू म्हणाला. "आम्हा सगळ्यांकडे फुटतोय. लोकल लिंक आहे का अजून?"

"आहे."

"मग तोड ना. पॅकेज कोठारात पब्लिश कर आणि सगळ्यांसारखं इन्स्टॉल कर. गुरुवारी निपाणीचा दवाखाना लाइव्ह जातोय, आदल्या संध्याकाळपासूनच निरोप जातील."

"करते."

"आज?"

"करते म्हटलं ना."

तिने एक युक्ती काढली. फोल्डरची नक्कल करायची, नकलेत कंपनीचे जुने सभ्य निरोप टाकायचे, ती नक्कल पब्लिश करायची. मूळ फोल्डर आणि लिंक तशीच राहील. बुधवारी नक्कल तयार झाली. पब्लिश करण्याआधी तिने मूळ फोल्डर एकदा, शेवटचं म्हणून, उघडून वाचलं. मग त्याच खिडकीत पब्लिशची आज्ञा दिली. चाचण्या पास झाल्या. आठ निरोप हवे होते, आठ होते. आत काय लिहिलंय ते चाचण्या वाचत नाहीत.

गुरुवारी सकाळी साडेअकराला निपाणीहून डॉक्टर दयानंदांचा फोन आला. अभिमन्यूने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, काय पाठवलायसा हे?"

"काय झालं, डॉक्टर?"

"बाहेर कडकडीत ऊन पडलंय आणि माझ्या दारात बावीस छत्र्या हायत! बँकेचे रिटायर्ड मॅनेजर विचारतायत, मला 'नीघ' म्हणणारा हा कोण? आणि दोघं जण हेब्बाळचा पूल कुठं झाला ते विचारायला स्टँडवर गेलेत."

अभिमन्यूने वसुमतीकडे पाहिलं. तिने मूळ फोल्डरच्या खिडकीकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं: नकलेऐवजी मूळच पब्लिश झालं होतं.

"सॉरी डॉक्टर, लगेच मागे घेतो. किती पेशंट चुकले?"

"चुकत्यात कशाला? एरवी तिसातले दहा येत नाहीत. आज सगळे आलेत, तेही तासभर आधी. तानूबाई तर गोळ्यांचं पाकीट दाखवायलाच आली, खरंच घेतल्या म्हणून. मागे घेऊ नका हो. तो पूल तेवढा काढा."

फोन बंद झाला. अभिमन्यू खुशीत आला. "वसुमती, ही वाक्यं कोणाची? फ्रीलान्सर आहे का? आपण हायर करू."

"आण्णांची. माझ्या वडिलांची," ती म्हणाली. "गेले त्याच्या आदल्या दिवशी लिहिलेली."

अभिमन्यूने उगाचच स्वतःचा लॅपटॉप मिटला, मग परत उघडला.

"काढायची का?" त्याने हळूच विचारलं. "तू म्हणशील तसं. डॉक्टरांना मी सांगतो."

वसुमतीने मूळ फोल्डर उघडलं. मग तिने पूल काढला. 'पोचलीस का?'चं 'पोचलात का?' केलं. दोन अक्षरांच्या फरकाने ते कुणाचंही झालं. या वेळी फोल्डर दोनदा तपासून तिने नवीन आवृत्ती पब्लिश केली. मग आठवडाभर टाळलेली ओळ टाइप केली आणि लिंक तोडली. ॲप क्षणभर रिकामं झालं. तिने सगळ्यांसारखं पॅकेज कोठारातून उतरवून घेतलं. स्क्रीनवर आलं: 'छत्री घे. ढग नसले तरी घे.'

"माझ्याकडे पण चालतंय," अभिमन्यू म्हणाला.

संध्याकाळी निघताना तिने आलेली उत्तरं पाहिली. कंपनीच्या निरोपांना आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. आज सव्वीस होती. बहुतेक एकाच शब्दाची: पोचलो. मॅनेजरांचं होतं: सुखरूप पोहोचलो, आपण कोण? तानूबाईंनी नातवाकडून लिहून घेतलं होतं: पोचले रे बाबा. तू जेवलास का?

पुलावर नेहमीप्रमाणे चाळीस मिनिटं गेली. येलहंक्याच्या घराचा जिना चढून तिने कुलूप काढलं, दिवसभर न उघडलेली छत्री खुंटीला अडकवली, चपला भिंतीशी सरळ लावल्या. फोनमध्ये आण्णांचा त्या सोमवारचा शेवटचा मेसेज होता, खाली उत्तर नव्हतं. तिने तो उघडला नाही. दिवाही लावला नाही.

"पोचले, आण्णा," ती मोठ्याने म्हणाली.