खरखर नसलेला रेडिओ

आमच्या शेजारचे गावडे अण्णा माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर ‘काय रे मेहता’ म्हणणारे अण्णा लिफ्ट उशिरा आली की तिला म्हणतात, “आलात? या. आम्हाला काही घाई नव्हती.” गीझर, मिक्सर, एटीएम, कुणाचीही सुटका नाही. आदर जितका जास्त, तितका राग मोठा.

बोरीवलीत आमची दारं समोरासमोर. अण्णा सत्तरी ओलांडलेले, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण माई; दोघं आपसात मालवणीत बोलतात. कुठलाही वाद ते ‘लेखी दे’ वर आणून संपवतात. माझी बायको एकदा म्हणाली, “अण्णा, भाजी तिखट नाहीये हो.” तर म्हणे, लेखी दे.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी डिजिटल रेडिओ आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, आवाज स्वच्छ, खरखर अजिबात नाही. रविवारी सकाळी अण्णा माझ्या दारात उभे.

“मंदार, चल. त्यांना काय हवंय ते विचार.”

‘ते’ टेबलावर बसले होते. मी स्टेशन शोधायचं बटण दाबलं. पडद्यावर आकडे पळाले आणि अक्षरं उमटली: सिग्नल नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आणि खरोखरच, खरखर अजिबात नव्हती. काहीच नव्हतं.

“जुना निदान खरखरायचा,” अण्णा म्हणाले. “तिकडे कुणीतरी आहे एवढं तरी कळायचं. हे साहेब तोंडच उघडत नाहीत.”

माहितीपत्रकात लिहिलं होतं, रेडिओ खिडकीजवळ ठेवा, एलईडी दिवे आणि चार्जरपासून लांब. खिडकीत नेला. पडद्यावर स्टेशनचं नाव आलं, एका बाईंचा आवाज आला, “आज सकाळी मंत्र्यांनी…” आणि गप्प.

अण्णा वाकले. “बोला ना. मंत्र्यांनी काय केलं?”

मग त्यांनी तांब्याची लांब वायर आणली आणि खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर, कपड्यांच्या दोरीवरून पार टोकापर्यंत नेली. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि मेहताभाई वर आले.

“अण्णा, वायर नियमात बसत नाही.”

“नियम दाखव. लेखी दे. आणि तुझे ते जिन्यातले नवे दिवे आधी बंद कर. माझ्या बातम्या खातायत.”

“दिवे कुठे बातम्या खातात?”

अण्णा जिन्यात गेले आणि त्यांनी मजल्यावरचे दिवे बंद केले. घरातून बाईंचा आवाज आला: “…आश्वासन दिले.” मेहताभाईंनी दिवे लावले, आवाज गेला. त्यांनी तीनदा लावून-विझवून पाहिलं. तरी म्हणाले, “जिना अंधारा आहे, कुणी पडलं तर मला धरतील,” आणि दिवे लावून निघून गेले.

तिथून अण्णा पेटले. ज्याच्या घरात चार्जर दिसेल त्याच्याशी भांडण. बुधवारी मी घरून ऑफिसचं काम करत होतो, महत्त्वाची मिटिंग चालू होती. अण्णा थेट आत आले आणि माझ्या लॅपटॉपचा चार्जर उपटून उभे राहिले. बॅटरी जुनी. साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं आणि पडदा काळा झाला.

आता माझंही डोकं फिरलं. “अण्णा, एका रेडिओसाठी अख्ख्या बिल्डिंगला वेठीला धरताय. बातम्याच हव्यात ना? मोबाइलवर लावून देतो. दोन मिनिटांचं काम.”

“मोबाइल तिला कसा लावता येणार?” अण्णा ओरडले. “काचेवर बोट फिरवून तिच्या हाताला काय लागतं? तिला बटण पाहिजे, बटण.”

मग एकदम खुर्चीत बसले.

माईंना काचबिंदू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. नजर जवळजवळ गेली आहे, हे नव्हतं. पूर्वी रोज सकाळी माई पेपर मोठ्याने वाचायच्या आणि बातमीगणिक भावाशी भांडायच्या. बंद दारातूनही सगळं ऐकू यायचं. ते बंद झालंय हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. उलट बरं वाटलं असेल.

“मी वाचून दाखवतो,” अण्णा म्हणाले. “तर म्हणते, तू मधली वाक्यं गाळतोस. आणि गप्प बसते. सहा महिने झाले, एका शब्दाने वाद नाही. काहीही सांग, ‘बरं’ म्हणते. मला ‘बरं’ म्हणते रे ती.”

मी मेहताभाईंकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. शनिवारी इलेक्ट्रिशियन आला आणि आमच्या मजल्यावरचे दिवे बदलून गेला.

संध्याकाळच्या बातम्यांना मी तिथेच होतो. अण्णांनी माईंचं बोट धरून बटणावर ठेवलं. “ह्यां बटण. वरसून दुसरां. दाब.”

माईंनी दाबलं. आवाज आला आणि टिकला. माई मान खाली घालून ऐकत होत्या. चौथी की पाचवी बातमी होती, कोकणातल्या रस्त्याचं काम गणपतीपर्यंत पूर्ण होणार.

“खंयच्या वर्षाच्या गणपतीक?” माई म्हणाल्या.

अण्णा दचकले. “ह्या वर्षाच्या. आता सांगल्यानी ना.”

“तुका काय कळता मेल्या? जन्मभर फायली बांधलंस. रस्तो कधी बघलंस?”

“आणि तू बघलंस?”

“मी त्या रस्त्यान चालत शाळेत गेलंय. तू माझ्या पाठीर बसून गेलंस.”

आवाज चढत गेले. बाईंच्या पुढच्या बातम्या कुणालाच ऐकू येईनात. मी उठलो. अण्णा दार लावायला माझ्या मागे आले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडावर माझ्यासाठीही एक वैतागलेला भाव तयार होता, तो काही नीट जमत नव्हता.

“ओरडतेय बघ,” ते हळूच म्हणाले.

आतून माईंचा आवाज आला. “अरे, मधीच खंय गेलंस? भियालंस काय?”

“नाय गो, येतंय,” म्हणत अण्णा घाईघाईने आत गेले.