गाडीतला वास आणि कोळवणचे पाहुणे

शोधायचं म्हटलं की मी काहीही शोधून काढतो! दिवसभर कंपनीत संगणकातल्या चुकाच तर शोधतो! म्हणून दोन हजार आठ साली, माणचे आमचे घरमालक हैबतराव जेव्हा म्हणाले, "सायेब, नव्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय, इंजिनाचा दिवा बी पेटलाय," तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

"टाकीतली वाफ गळतेय कुठूनतरी. आत्ता पकडतो!"

"पकडाच! आमच्या पोरीला, दिशाला बघाया आज कोळवणचं पावनं येत्यात. त्यास्नी ह्याच गाडीतनं धरणावर फिरवायचंय."

उपाय मी इंटरनेटवर वाचला होता. टाकीत हवा भरायची, नळ्यांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गळती सापडली! मी सायकलचा पंप टाकीच्या तोंडाशी चिंध्या कोंबून बसवला, आसपासच्या बिड्या विझवायला लावल्या आणि बादली घेऊन त्या हत्तीएवढ्या गाडीखाली शिरलो.

"मारा पंप! हळूच हं!"

हैबतराव जुने पैलवान. 'हळूच' हा डाव त्यांच्या तालमीत शिकवलाच नव्हता! गाडी ढेकर द्यायला लागली.

त्यांच्या कारभारीण सारजाबाई दारातून ओरडल्या, "अवो, गाडीचं प्वाट फुगवताय व्हय?"

माझं लक्ष नळ्यांवर. पहिली गप्प. दुसरी गप्प. आणि मागच्या चाकापाशी बुडबुडा! लिंबाएवढा! उंदरानं नळी कुरतडली होती.

"सापडली!" मी किंचाळलो.

"सापडली?" हैबतरावांनी आनंदानं सगळं अंग पंपावर टाकलं. नळी फटकन सुटली, बादलीत तोंड खुपसून फुसकारली, आणि पेट्रोलच्या वासाचा फेस उडाला तो थेट "हायेत का पावनं घरात?" म्हणत आलेल्या गेणबांच्या पांढऱ्याफेक धोतरावर!

गेणबा म्हणजे मुलाचे वडील!

हैबतरावांचं धोतर नेसून गेणबा ओसरीवर बसले. वास काही जाईना. त्यांनी खिशातून बिडी काढली की चार हात पुढं होऊन ती काढून घेत! धरणाची फेरी बुडाली. पोह्यांची बशी घेऊन आलेली दिशा हसू दाबताना लालबुंद झाली. मला वाटलं, आता हे लग्न मोडणार आणि माझी खोलीही जाणार!

तेवढ्यात गेणबाच खो खो हसले. "लई मोकळी मान्सं हायेत तुमी! पोरगी पसंत हाय आमाला. आमचा पोरगा बी ह्या सायबांसारखाच कंप्युटरात हाय."

हैबतरावांनी पेढा उचलला. मग माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या नळीकडं पाहिलं आणि पेढा परत ताटात ठेवला.

"पावनं, येकच सांगा. त्यो गाडीला हात लावत न्हाई न्हवं?"