लाल दिव्यात अडकलेला सूर्य

टप्.

घर अजून शांत झोपलेलं होतं, आणि सूर्याचा एक किरण फरशीवर पडला. पुठ्ठ्याचाच होता. आईने चहाचा कप खाली ठेवला, डिंकाची बाटली शोधली आणि किरण पुन्हा चिकटवला. शाळेच्या नाटकात आज तिची लेक ठिणगी सूर्य होणार होती. पहिलं वाक्य तिचं. ती उगवल्याशिवाय कोंबड्याला आरवता येणार नव्हतं, आणि कोंबडा आरवल्याशिवाय नाटकातलं अख्खं गाव झोपूनच राहणार होतं.

"बाबा येणार ना?"

"बाबांचंही आज उद्घाटन आहे गं, राणी."

बाबा वाहतूक खात्यात इंजिनियर. हायवेवर गाड्या झुंडीने घुसतात म्हणून तो तुंबतो, असा शोध त्यांनी लावला होता. उपाय म्हणून हायवेला उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी सिग्नल बसवला. एका हिरव्याला एकच गाडी. रेषेला लागून रस्त्याखाली तार पुरलेली. तिच्यावर गाडी आली की दिव्याला कळतं, कुणीतरी आलंय. घरात कित्येक दिवस दुसरा विषयच नव्हता. भाजीत मीठ विसरलं तरी आई ती तार विसरली नसती.

मायलेकी निघाल्या आणि त्याच सिग्नलला अडकल्या. पुढे एकच काळी गाडी, मागे बघता बघता शेपूट. दिवा लाल तो लालच. आईने फोन लावला.

"अरे, तुझा दिवा हिरवाच होत नाहीये!"

"अशक्य! इथे पडद्यावर हायवे कसा झुळझुळ वाहतोय. सगळे टाळ्या वाजवतायत."

"वाहणारच! कुणाला सोडतोयस कुठे?"

"बरं, साहेब अजून आले नाहीत, सगळं खोळंबलंय. ठेवतो."

आई हँडब्रेक ओढून उतरली. काळी गाडी रेषेपासून चांगली लांब, नव्या सुनेसारखी अंग चोरून उभी होती.

"दादा, रेषेपर्यंत घ्या की! इथे तुम्ही दिव्याला दिसतच नाही."

"ताई, रेषेला चाक लागलं की दंड. साहेबांचाच हुकूम आहे." ड्रायव्हरने मानेने मागची सीट दाखवली. "त्यांचीच गाडी सापडली, तर मी कुठे जाऊ?"

मागची काच चार बोटं खाली आली. आत साहेब भाषण पाठ करत होते. "बाई, शिस्त पाळा. थोडं थांबा, लवकर पोचा!"

"पण साहेब, ती तार..."

"तारेचं आमचे इंजिनियर बघतात."

काच वर गेली. 'त्याच इंजिनियरची बायको मी' हे वाक्य दातांपर्यंत आलं होतं. नवऱ्याची नोकरी आठवून आईने ते गिळलं.

ती गाडीत येऊन बसली. हँडब्रेक सोडला, पाय ब्रेकवर.

"आई, कोंबडा थांबेल का गं?" सूर्याच्या वेषातली ठिणगी मागच्या सीटवरून रडवेली होऊन पुढे वाकली.

टप्.

तोच किरण. नेमका आईच्या पायाखाली. तो काढायला आई वाकली, पाय उचलला गेला, आणि उताराने आपलं काम केलं. ठक्क! काळी गाडी दचकून पुढे सरकली. सरळ तारेवर.

दिवा हिरवा झाला.

"हिरवा!" ड्रायव्हर ओरडला आणि साहेबांना घेऊन सुसाट सुटला. मागोमाग आई. हायवे इतका रिकामा, की चटई टाकून झोपावं.

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली आणि फोन वाजला.

"अगं, कमाल झाली! साहेबांनी स्वतः थांबून अनुभव घेतला. हायवेवर चिटपाखरू नाही म्हणून इतके खूश, की शहरातल्या सगळ्या रस्त्यांना हेच दिवे लावा म्हणतात! फक्त मागून कुणा अडाण्याने धक्का दिला. त्याला शोधायला मलाच नेमलंय."

"सापडेल," आई म्हणाली. "संध्याकाळी घरीच आहे."

फाटकात कोंबडा उभा होता, तुरा हातात, डोळ्यांत पाणी. "ए, लवकर उगव ना!"

आईने घाईघाईने किरण चिकटवला. ठिणगी धावत निघाली, अर्ध्या वाटेत थांबली आणि वळली.

"आई, पण तो मोकळा रस्ता कुणासाठी ठेवला होता?"