सासूबाईंच्या फोनमधून हे गेले

संगणकाच्या बाबतीत धाकट्या डहाणूत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी स्वतः म्हणत नाही. आमची अख्खी आळी म्हणते. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत म्हणत होती.

माझं माहेर तलासरीचं. तिथेच संगणकाचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं आणि लग्न होऊन समुद्रकाठी आले. आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यातला फरक कळत नव्हता. आळीतल्या बायका माझ्याकडे ओल्या जळणाकडे बघावं तशा बघायच्या. मग सुनिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच्या तलासरीच्या कंपनीतून निघालेला एक जुना संगणक घरी आणला आणि माझे दिवस पालटले. कुणाचा आधार, कुणाचं रेशन, कुणाच्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म, सगळे माझ्या दारात. "निलम बसली की काम झालंच," असं लोक म्हणायला लागले. एका सासऱ्यांना सोडून. ते तांडेल, स्वतःची बोट चालवणारे. त्यांच्या मते ज्या वस्तूला वल्हं नाही आणि इंजिनही नाही, तिच्यासमोर माणूस आठ तास कशाला बसेल?

तर मंगळवारी सकाळी सासूबाई फोन घेऊन आल्या. सासूबाईंचं नाव पुतळी, पण आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाने मागे वळून बघावं. म्हणाल्या, "निलम, ह्याच्यात कायतरी लाल आलंय. काल दुपारपासून एक मेसेज येत नाय."

मी बघितलं. जागा संपली होती. तीन हजारांवर मेसेज साठले होते. रिचार्ज संपल्याचे, कर्ज घ्या म्हणणारे, चारचाकी लागल्याचं अभिनंदन करणारे.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "फोनवर एकेक काढत बसलं तर दिवाळी येईल. मी हा संगणकाला जोडते. तिकडे मोठं दिसतं, भराभर निघतात."

"नको ते काढशील नाय ना?"

"आई, मी कोर्स केलाय."

एवढं ऐकून बिचाऱ्या बोंबील वाळत घालायला मागे निघून गेल्या.

मी फोन जोडला. डावीकडे सगळ्यांची नावं, उजवीकडे मेसेज. मी पदर खोचला आणि सुरुवात केली. रिचार्जवाले गेले, कर्जवाले गेले, लॉटरीवाले गेले. हाताला अशी काही लय आली की मला वाटलं, मासे साफ करणाऱ्या बायकांना असंच वाटत असणार. पाचेकशे उडवले असतील, तेवढ्यात फोन टिंग वाजला. जागा झाल्यामुळे अडकलेला एक नवा मेसेज आत आला होता. नाव नव्हतं, नुसता नंबर. मजकूर एवढाच: "येतो. ४०."

आता सांगा, याचा अर्थ काय काढायचा? मी वर सरकवून पाहिलं. त्याच नंबरचे अकराशे मेसेज. "जेवलो." "वारा." "येतो. २५." "जेवलो." "जाळं." कुठल्या तरी कंपनीचं यंत्र बिघडलंय आणि ते गेली सात वर्षं आमच्या सासूबाईंना छळतंय, असं मला वाटलं. मला त्यांची दयाच आली. "हे संभाषण कायमचं हटवायचं का?" असं संगणकाने अदबीने विचारलं. मी म्हटलं, हटव.

अकराशे मेसेज एका बटणात गेले. मी चहा टाकला.

चहा उकळायच्या आत सासूबाई हात पुसत आल्या. "झाली का गं जागा? बघू. चार दिवस झाले बोट जाऊन, आज मेसेज यायला हवा."

त्यांनी फोन घेतला. वर सरकवला, खाली सरकवला. मग माझ्याकडे बघितलं.

"सत्तावीसवाला कुठाय?"

"कोण सत्तावीसवाला?"

"शेवटी सत्तावीस. ह्यांचा. बोटीवरचा."

माझ्या हातातली गाळणी कपात पडली. सासरे बोटीवर बटणांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात, हे मला माहीत होतं. किनारा जवळ आला की रेंजची एखादी काडी मिळते, त्यात बोलणं होत नाही पण मेसेज सुटतो, हेही माहीत होतं. त्याचा नंबर माहीत नव्हता. आणि सासूबाईंनी तो नावाने साठवला नव्हता, कारण नवऱ्याचं नाव त्या तोंडाने घेत नाहीत, तर फोनमध्ये कुठून घालणार?

"आई, ते चुकून..."

सासूबाई खाली बसल्या. आणि मग तो आवाज निघाला. "हे गेले गं, निलम! हे सगळे गेले!"

आमच्या मागच्या कुडापलीकडे बारकीमावशी बोंबील उलटत होती. तिने ऐकलं, "हे गेले." बोट चार दिवस बाहेर आणि तांडेलाची बायको "हे गेले" म्हणतेय. तिने हातातली टोपली टाकली आणि आळीभर सांगत सुटली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तलासरीला कोर्सच्या सरांना फोन लावत होते. पंधरा मिनिटांत आमचं अंगण बायकांनी भरलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या आणि त्यांच्याभोवती आठ-दहा जणी डोळ्यांना पदर लावून बसल्या. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत! मेसेज गेले एकीचे आणि दुःख सगळ्या आळीला. माझ्या माहेरी याला कुणी विचारलंसुद्धा नसतं. मला आणखीच अपराधी वाटायला लागलं.

बारकीमावशीने माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "कधी गेले गं?"

"आत्ताच. दहाच्या सुमाराला."

"कसे?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मावशी, माझ्याच हातून गेले."

तिने हात सोडला. "तुझ्या हातून?"

"मुद्दाम नाही हो. एक बटण दाबलं आणि संपलं. ओळखलंच नाही मी त्यांना. मला वाटलं कुणीतरी परके आहेत, उगाच जागा अडवून बसलेत."

बारकीमावशी दोन पावलं मागे गेली. "आणि आता?"

"आता सरांना फोन लावलाय तलासरीला. चोवीस तासांच्या आत असेल तर कधी कधी परत आणता येतात म्हणे. पण सगळे येतील याची खात्री नाही. थोडे तुकडे येतील."

ती बायकांत जाऊन बसली, ती थेट माझ्याकडे पाठ करून. तिने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारणीने पुढच्या कानात. एकेक डोकं माझ्याकडे वळत गेलं आणि प्रत्येकीने आपलं पोर जवळ ओढलं.

सासूबाईंना मात्र सोबत मिळाल्याने कंठ फुटला होता. "सात वर्षं जपले गं," त्या म्हणत होत्या. "रोज झोपताना एकदा बघायची नि मग झोपायची."

बायकांना हुंदके आवरेनात.

एवढ्यात बाबल्या आला. आळीत कुणाचं काही झालं की बांबू, सुतळी आणि मडकं ही बाबल्याची जबाबदारी. तो दोन बांबू खांद्यावर घेऊन आला आणि दारात बसून बांधायला लागला. मला वाटलं, बायका उन्हात बसल्यात म्हणून मांडव घालतोय. मी त्याला पाणी नेऊन दिलं. त्याने ते माझ्याकडे बघत बघत बाजूला ओतलं.

याच वेळी सासरे बंदरावर उभे होते.

बोट भरून आली होती. चाळीस टोपल्या. "येतो. ४०." याचा अर्थ सासूबाईंच्या भाषेत असा की आशागडच्या टेम्पोवाल्याला फोन कर, बर्फ सांग आणि चार बायका घेऊन बंदरावर ये. सात वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. आज बंदरावर टेम्पो नव्हता, बर्फ नव्हता, बायको नव्हती. आळीतली इतर माणसंही नव्हती, कारण ती सगळी आमच्या घरी सासऱ्यांसाठी रडत होती. खलाशांना मासळीवर ओली गोणपाटं टाकायला सांगून ते तणतणत घरी निघाले.

पुढचं मी ओट्यावरून डोळ्यांनी पाहिलं. सासरे आळीच्या तोंडाशी आले, दारातली गर्दी पाहिली आणि त्यांचा राग तिथेच गळाला. डोक्यावरची टोपी काढून ते हळूच मागे येऊन उभे राहिले. बाबल्या मान खाली घालून गाठ मारत होता.

"कोण गेलं रे?" सासऱ्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नारू तांडेल," बाबल्या मान वर न करता म्हणाला.

"कुठला नारू?"

"आपला. ह्याच घरातला."

सासऱ्यांनी टोपी छातीशी धरली. "कशानं गेला?"

"सुनेनं बटण दाबलं म्हणतायत. विजेचं असेल. जरा तो बांबू धर."

सासऱ्यांनी बांबू धरला. बाबल्याने गाठ आवळली, थँक्यू म्हणायला वर बघितलं आणि जागच्या जागी मडक्यावर बसला. मडकं फुटलं. त्या आवाजाने सगळ्या बायका वळल्या.

त्यानंतर जे झालं ते सांगायला शब्द नाहीत. दोघी-तिघी कुडावरून पलीकडे गेल्या, आणि त्यातल्या एकीचं वय सत्तरच्या वर आहे. बारकीमावशीने सासऱ्यांना चिमटा काढून बघितला. तेवढ्यात सुनिल मोटरसायकलवरून रडतच उतरला. त्याला कुणीतरी कंपनीत फोन केला होता. समोर बाप उभा बघून तो त्यांच्या गळ्यातच पडला. सासऱ्यांनी त्याला एकदा थोपटलं आणि म्हणाले, "टेम्पोला फोन कर."

गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. लोक रडत होते ते ह्यांच्यासाठी, हे त्यांना तेव्हा कळलं. पण त्यांचं दुःख त्याने काही कमी झालं नाही. त्या नवऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचे सगळे मेसेज गेले."

"कुठले?"

"सगळे. सात वर्षांचे."

सासरे गोंधळले. "त्यात काय होतं? येतो नि जेवलो. ते ठेवून काय करतेस?"

"समोर असता तेव्हा तेवढं तरी बोलता का?" सासूबाई म्हणाल्या.

मी सासऱ्यांना पाच वर्षं ओळखते. वादळाची बातमी आली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. त्या वेळी मात्र ते कानापर्यंत लाल झाले. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग एवढंच म्हणाले, "मासळी उन्हात आहे."

पण आळी होती म्हणून निभावलं. मयतीला जमलेले सगळेच्या सगळे बंदराकडे पळाले. बाबल्याच्या बांबूंना टोपल्या अडकवून गडी खांद्यावरून घेऊन आले. बायकांनी डोक्यावरून आणल्या. आशागडचा टेम्पो येईस्तोवर चाळीसच्या चाळीस टोपल्या सावलीत होत्या. मीही दोन आणल्या. कुणी माझ्याशी बोललं नाही, पण दुसऱ्या टोपलीला बारकीमावशीने खालून हात दिला.

सरांचा फोन दुपारी आला. काही परत येणार नव्हतं.

चार दिवसांनी बोट पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी सासूबाई मागे बोंबलांना मीठ लावत बसल्या होत्या आणि फोन माझ्या खिडकीत होता. टिंग वाजलं.

"ह्यांचा असेल," त्या म्हणाल्या. "माझे हात भरलेत. वाच गं."

मी फोन उचलला. सत्तावीसवालाच होता. सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा एवढा लांब मेसेज लिहिला होता. तो असा: "पुतळी. वारा बरा आहे. तू बोललीस ते बरोबर आहे. आता रोज लिहीन. सगळं जपून ठेव. फोन उशाखाली ठेव. निलमच्या हातात देऊ नकोस."

मी तो तीनदा वाचला.

"काय म्हणतात?" मागून आवाज आला.

"आई, वारा बरा आहे म्हणतात. आता रोज लिहीन म्हणतात."

"आणि पुढे? एवढा वेळ काय वाचतेस?"

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "जेवलो म्हणतात."