चार नंबरचा जॉइंट

हेंद्रेपाड्यातल्या तमाम नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भोईरदादा यांनी कॉम्प्युटरमध्ये पाणी सोडायचं ठरवलं आहे. निर्णय पूर्ण शुद्धीत घेतलेला आहे. शेजाऱ्यांनी आपापली काळजी घ्यावी.

गंमत म्हणजे, या माणसाचा पाण्यावर काडीचाही विश्वास नाही. तसा तो कशावरच नाही. दादा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं पाइप फिटर होते. तिथे गळती शोधता शोधता त्यांना सगळं जगच गळकं दिसायला लागलं. रोज सकाळी गॅसच्या रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात. संध्याकाळी बाहेर जाऊन स्वतःच्याच दाराची बेल दाबतात, आतून वहिनींनी "वाजली!" म्हणून ओरडल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. लग्नाला गेले की आहेर देण्याआधी स्टेज हलवून बघतात. एकदा मुलीच्या बापालाच म्हणाले, "जॉइंट ढिला हाय. टिकायचा नाय." ते स्टेजच्या पाइपाबद्दल बोलत होते, हे पटवून देता देता माझी जिलेबी थंड झाली.

त्यांचं लाडकं वाक्य एकच. "पाणी गप बसत नाय. त्याला फट दिसते, आपल्याला नाय."

तर हा माणूस कॉम्प्युटरमध्ये पाणी का सोडत होता? लेकीसाठी. रसिका त्यांची एकुलती एक. चिखलोलीत अजून पायाही न खणलेल्या टॉवरची ती कॉम्प्युटरवर अशी चित्रं करते की, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालावंसं वाटतं. पण या कामात मशीन असं तापायचं की पंखे विमानासारखे गरजायचे आणि ऐन मोक्याला सगळं बंद पडायचं. त्यात तिला पुण्याची नोकरी लागली. काम तिकडे भाड्याच्या खोलीत बसून, स्वतःच्या मशीनवर करायचं. मशीन धड हवं. रसिकाने व्हिडिओ दाखवला: प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून नळीने पाणी फिरवायचं, ते गरमी उचलून जाळीत नेतं, तिथे थंड होतं, पुन्हा येतं.

दादांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. "ह्याच्यात कापलाय," म्हणाले. "लीक झालेलं दाखवलं नाय. मी करतो."

सामान आणायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेलो. मी साक्षीदार. दादांनी नळीचा तुकडा एका बाजूने बोटाने बंद केला, दुसऱ्या बाजूने फुंकला आणि शेजारच्या टपरीवरून मागवलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. मग दुसरा तुकडा. मग प्रत्येक फिटिंग. दुकानदार सिंधी, सोशिक.

"चाचा, गॅरंटी है."

"किसका? तुम्हारा की पानी का?"

"अरे साईं," तो माझ्याकडे वळला, "इनको नली खरीदनी है या लडकी के लिए दूल्हा देखने आए हैं?"

दादांनी मान वर केली नाही. त्यांना नळीच्या आत एक केसाएवढी चीर दिसली होती. नळी बदलून घेतली.

घरी काम सुरू झालं आणि बिल्डिंगचं चित्त उडालं. नळ्या, पंप, छोटी टाकी, त्यात निळंशार पाणी, आणि दार सदैव बंद. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "भोईर घरात काहीतरी गाळतात. मी स्वतः पंपाचा आवाज ऐकला." दुसऱ्या दिवशी ते मीटर बघायच्या निमित्ताने आत घुसले आणि टाकीला नाक लावून उभे राहिले. दादा शांतपणे म्हणाले, "वास घेऊन गळती समजत नाय. खाली टिश्यू लावा." सेक्रेटरी गेले, पण त्यांचा संशय गेला नाही. माझाही गेला नव्हता, फक्त तो वेगळा होता: हे मशीन कधी चालू तरी होणार का?

कंपनीचा नियम असा की, टेस्ट होऊन फिटरने सही केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. दादांनी घरात तोच लावला. कॉम्प्युटरला पाटी लटकली: 'टेस्ट चालू. हात लावू नये.' शेजारी वहीच्या पानावर हाताने आखलेलं परमिट, खाली सहीची रिकामी जागा. कंपनीच्या सवयीने आधी सायकलच्या पंपाने हवा भरली. इतकी, की टाकीचं झाकण उडून भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. नवी टाकी आली. मग कॉम्प्युटर बंद ठेवून नुसता पंप चालू केला, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यूची घडी ठेवली. व्हिडिओत चोवीस तास सांगितले होते, दादांनी तीन दिवस ठरवले.

तिसऱ्या सकाळी चार नंबरच्या जॉइंटखालची घडी ओली.

उघडलं, पुसलं, रबरी रिंग बदलली, पुन्हा तीन दिवस. पुन्हा चार नंबर. पुन्हा नवी रिंग, पुन्हा तीन दिवस. रसिकाने पुण्याला फोन करून मुदत वाढवून घेतली. तिकडून सांगितलं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा रसिकाची बॅग भरून दारात उभी होती आणि दादा कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसले होते. चेहरा दुःखी. पण कसा दुःखी, तर सेक्रेटरी सोसायटीची वर्गणी वाढवताना होतात तसा.

"चार नंबर," ते म्हणाले. "बघा भाऊ. ह्या मशीनवर नोकरी धरणं धोक्याचं हाय. पुण्याला कळवून टाकूया."

मी घडी उचलली. ओली होती खरी. उजेडात धरली. पांढरीशुभ्र.

आतलं पाणी निळं. घडीवरचं बिनरंगी.

आता अशा वेळी मी गप्प बसणारा माणूस नव्हे. तोंड उघडलंसुद्धा. पण दादा छताकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाकडेही असं नुसतंच बघताना पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

रसिकाने माझ्या हातातून घडी घेतली. तिनेही उजेडात धरली.

"बाबा."

दादा छताकडेच.

"बाबा, हे पाणी कुठलं?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. वहिनी कणीक मळत होत्या. "माझ्या कानाच्या औषधाचा ड्रॉपर गेले आठ दिवस जागेवर नसतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, लागत असेल कुणाला."

मला वाटलं, पोरगी भडकणार. तिने ओली घडी केराच्या डब्यात टाकली, कोरडी घडी ठेवली, परमिटचा कागद आणि पेन वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. दादांनी चष्मा लावला. स्वतःच आखलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पेन आधी स्वतःच्या तळहातावर चालवून बघितलं. मग सही केली. पाटी काढली.

रसिकाने बटण दाबलं. स्क्रीन उजळला. वहिनीही कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. आम्ही चौघं कान देऊन उभे. पंखा गरजला नाही, काही तापलं नाही, काही गळलं नाही. तिने मुद्दाम सगळ्यात जड टॉवर उघडून फिरवला. नळ्यांतून निळं पाणी मुकाट फिरत राहिलं.

"बाबा, पास!" ती ओरडली. "एक थेंब नाही! आता तरी खूश?"

दादा एकेका जॉइंटवरून बोट फिरवत चार नंबरपाशी आले, बोट अंगठ्यावर घासून बघितलं. कोरडं होतं. आणि मग एकदम, स्वतःलाच ऐकू जाईल याची तमा न बाळगता बोलून गेले:

"अगं, पण तू गेल्यावर मी इथं तपासायचं काय?"