गाळ झाकणारे तात्या

आमच्या गावच्या सोसायटीचे सचिव तात्या कुणाच्याही शेतात शिरले की आधी चिमूटभर माती नाकाला लावत, तपकीर ओढावी तशी. मग निकाल देत: "जीव हाय," नाहीतर "गेला जीव." मालक समोर उभा असला तरी त्याला रामराम नंतर.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. एकदा एका कृषी अधिकाऱ्यानं सोसायटीत भाषण केलं. बाकीचे चहाची वाट बघत होते, तात्या ऐकत होते. थंड मुलखात मोठमोठ्या दलदली असतात, मेलेलं गवत तिथं पाण्याखाली हजारो वर्षं साठत जातं आणि त्यातला कर्बही तिथंच राहतो. ऊन वाढून पाणी आटलं, की हवा आत शिरते, गवत कुजायला लागतं आणि कर्ब उडून जातो. तात्या त्याला नेकनूरच्या बसपर्यंत सोडायला गेले आणि आपल्या तळ्यातला गाळही तसाच का, म्हणून विचारत राहिले. थोडाफार तसाच, असं तो सुटका करून घ्यायला म्हणाला असावा.

तेव्हापासून "कर्ब उडतोय बे" हे त्यांचं पालुपद झालं. बियाण्याचा विषय निघो की चेअरमनच्या निवडीचा, तात्या कर्बावर यायचेच.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. दसऱ्यालाच तळं आटलं. लव्हाळं कुजून काळाभोर झालेला गाळ लोकांनी ट्रॅक्टरनं नेऊन शेतात ढीग घातले, आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं. ढीग उन्हात तापत राहिले. पाऊस येईपर्यंत ते झाकावेत, असा ठराव तात्यांनी सभेत मांडला. प्यायला टँकर येत होता, आणि ह्यांना गाळाची काळजी. लोक हसले. अनुमोदन कुणी दिलं नाही, हेही तात्यांनी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढं ते दुपारी जेवायला म्हणून जायचे आणि दोन-दोन तास यायचे नाहीत. एकदा तातडीची सही हवी होती म्हणून मी शोधत निघालो. तोडीला गेलेल्या कौसाबाईच्या शेतात ते गाळाच्या ढिगावर निंबाचा पालापाचोळा पसरून वर धोंडे ठेवत होते. आजूबाजूचे सहा-सात ढीग आधीच झाकलेले होते. सगळे गावाबाहेर गेलेल्यांचे. तात्यांना स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती.

हे कशापायी करता, असं मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या घरला कुणी परत यायचं न्हाई," ते म्हणाले. "ही मान्सं तर येत्याल."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावाला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. सही घेऊन परत आलो.

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. कौसाबाई तडक सोसायटीत आली. खालचा गाळ थंडगार हाय म्हणाली, पण तिच्या रानात एवढा कचरा कुणी टाकला, ते तिला कळायला हवं होतं.

तात्या रजिस्टरात डोकं घालून बसले होते. "वाऱ्यानं आला आसंल."

"आन् धोंडे?"

तात्यांनी पान उलटलं.

"औंदा वारं लई व्हतं, बाई."